घर वाढवताना: आधी काय कापणार, ते ठरवा

तत्त्वज्ञानाचा मास्तर घरबांधणीवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. साहजिक आहे. मी इंजिनिअर नाही. पण मी एकदा घरावर खोली चढवली आहे, आणि तेव्हा माझी जी चूक झाली ती बांधकामातली नव्हती, विचारातली होती. म्हणून आज हा विषय घेतला.

१९९४ सालची गोष्ट. आमचं घर बैठं, तीन खोल्यांचं. न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणात. दोन कामं ठरली होती. वर बारा बाय पंधराची एक खोली, मुलांना आणि माझ्या पुस्तकांना. आणि खाली आईसाठी घरातच न्हाणीघर-संडास, कारण तिचे गुडघे पार गेले होते. मी एका पाकिटाच्या मागे हिशेब मांडला: विटा, सिमेंट, वाळू, सळई, मजुरी. पैसे पुरत होते.

हिशेबात काय नव्हतं? जिना! हसू नका, खरंच नव्हता. गच्चीवरची पाण्याची टाकी हलवायची, तेही नव्हतं. नवी वायरिंग, खिडक्यांच्या जाळ्या, रंग, काहीच नव्हतं. स्लॅब पडला आणि पैसे आटले. एका संध्याकाळी मी सहज म्हणालो, खालचं काम पुढच्या वर्षी करू. ते पुढचं वर्ष चार वर्षांनी आलं. आई चार पावसाळे छत्री घेऊन, भिंतीला धरून अंगणातून जात होती. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. मलाही ते बरीच वर्षं दिसलं नाही.

अंदाजपत्रक म्हणजे आकड्यांची यादी, असं आपण समजतो. माझ्या मते ती आपल्या अग्रक्रमांची यादी असते. पैसे पुरतात तोवर हे कळत नाही. कमी पडले की आपण पहिलं काय कापतो, त्यातून कळतं. आणि बहुतेक वेळा जो माणूस तक्रार करत नाही, त्याचंच काम कापलं जातं.

अ‍ॅरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये एक साधा मुद्दा मांडला आहे: घर चांगलं की वाईट, हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळतं. म्हणून पहिलं काम नकाशाचं नाही, विचारण्याचं. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: तुला दिवसातून कुठे अडतं? सगळ्यांसमोर विचारलंत तर म्हातारी माणसं ‘माझं काही नाही’ एवढंच म्हणतील.

दुसरं, घराला काय झेपतं ते बघा. जुना पाया एका मजल्यासाठीच घातलेला असू शकतो. भार भिंतींवर आहे की कॉलमवर, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन बघायला हवं. मिस्त्री ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला, एवढ्यावर वर चढू नका. चटई क्षेत्र किती शिल्लक आहे, सामासिक अंतर सुटतंय का, नगरपालिकेची परवानगी, हे सगळं वीट आणण्याआधी. इंजिनिअरची आणि परवानगीची फीसुद्धा अंदाजपत्रकातच येते.

तिसरं, मोजा. ‘स्क्वेअर फुटाला इतके’ या एका आकड्यावर थांबू नका. माझीच खोली घ्या. बारा बाय पंधरा म्हणजे १८० चौरस फूट. स्लॅब पाच इंची धरला तर काँक्रीट ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. एकास दीड, तीन या प्रमाणात त्याला साधारण सतरा पोती सिमेंट लागतं. हा फक्त स्लॅब. बीम, कॉलम, जिना वेगळे. एवढं गणित आठवीतल्या मुलालाही जमेल. ते केलंत की ठेकेदाराशी बोलताना नुसती मान डोलवावी लागत नाही. आणि दर ‘मटेरियलसह’ आहे की फक्त मजुरीचा, हे कागदावर घ्या.

आता, मोजूनही अंदाज चुकतोच. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नाव दिलं: नियोजनाचा भ्रम. आपण आपल्याच योजनेकडे बघतो, तशाच इतर कामांचं काय झालं ते बघत नाही. सिडनीचं ऑपेरा हाऊस ७० लाख डॉलरमध्ये १९६३ साली व्हायचं होतं. ते झालं १९७३ साली, १० कोटी २० लाखांत! तिथे तज्ज्ञ होते, इथे आपण पाकिटाच्या मागे लिहिणारे. यावर उपाय सोपा आहे. गावात नुकतं घर वाढवलेल्या तिघांकडे जा, आणि दोनच आकडे विचारा: ठरवले किती, लागले किती.

त्यावरून राखीव रक्कम ठरवा. जुन्या घराला हात लावताना मी पंधरा ते वीस टक्के म्हणेन. भिंत फोडल्यावर आत काय निघेल, सांगता येत नाही. पण ही रक्कम भारीतल्या फरशीसाठी नाही बरं का!

पैसे टप्प्यांनी द्या: कॉलम, स्लॅब, वीटकाम, गिलावा. उचल कामाच्या पुढे जाऊ देऊ नका. थोडी रक्कम पहिल्या पावसानंतर द्यायची, असं आधीच ठरवा. गळती तेव्हाच कळते. आणि स्लॅबला पाणी मारण्यात घाई नको. हल्लीच्या पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा. तेवढे दिवस वेळापत्रकात धरा.

शेवटचं. काम सुरू होण्याआधी, डोकं शांत असताना, एक कागद करा. पैसे कमी पडले तर काय कापायचं, ते क्रमानं लिहा: आधी रंग, मग फरशी, मग कपाटं. आणि काय कापायचं नाही, तेही लिहा. ज्याच्यासाठी ते काम आहे, त्याचं नाव समोर लिहा. मी तो कागद केला असता तर वरची खोली दोन वर्षं बिनगिलाव्याची राहिली असती. पुस्तकांची काही तक्रार नव्हती.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.