इन्व्होल्यूट की सायक्लॉइड?

गिअरची जोडी फिरताना वेगाचं गुणोत्तर क्षणोक्षणी सारखं राहिलं पाहिजे, ही अट आपण मागच्या वेळी पाहिली. ती पाळणारे दात्यांचे आकार पुष्कळ निघतील. कारखान्यात मात्र जवळजवळ सगळीकडे इन्व्होल्यूटच दिसतो. असं का?

आधी सायक्लॉइडची बाजू ऐकून घेऊ, कारण तिच्यावर थोडा अन्यायच होतो. एका वर्तुळावरून दुसरं वर्तुळ घरंगळत नेलं, की त्याच्या कडेवरचा बिंदू जी रेघ काढतो, त्यातून हा दाता बनतो. इथे एकाचा फुगीर भाग दुसऱ्याच्या खोलगट भागाला टेकतो, म्हणून स्पर्शाच्या जागी ताण कमी. सहा-आठ दात्यांचं चाकसुद्धा मुळाशी न पोखरता करता येतं. चावीच्या घड्याळांत याच घराण्यातले दाते अजून चालतात.

आता रिळावरचा दोरा ताणून धरत उलगडा. दोऱ्याचं टोक जी रेघ काढतं, ती इन्व्होल्यूट. रीळ म्हणजे आपलं बेस सर्कल. हिशेबच करू या. मॉड्यूल २, दाते २० आणि ४०, प्रेशर अँगल २० अंश; केंद्रांतलं अंतर ६० मिमी. बेअरिंग झिजलं, बोअर जरा सरकलं आणि अंतर ६०.५ झालं. प्रेशर अँगल साधारण २१.३ अंश होतो, दात्यांमधला खेळ वाढतो; पण गुणोत्तर? १:२ च! कारण ते बेस सर्कलवर ठरतं, आणि ती काही बदललेली नाहीत. सायक्लॉइडला ही चूक पचत नाही, गुणोत्तर डळमळायला लागतं.

शिवाय इन्व्होल्यूटचा रॅक सरळ बाजूंचा. एकाच हॉबने त्या मॉड्यूलचे कितीही दात्यांचे गिअर कापा. किंमत एवढीच, की २० अंशांना १७ पेक्षा कमी दाते घेतले तर मूळ पोखरलं जातं. मग करेक्शन द्यावं लागतं.

पण इन्व्होल्यूट आहे म्हणून कुठलाही गिअर कुठेही बसवू नका, बरं का! जुन्या मशीनवर १४.५ अंशांचे गिअर सापडतात. २ मॉड्यूलच्या मापात त्यांचा बेस पिच ६.०८ मिमी, २० अंशांचा ५.९०. हाताने फिरवून पाहिलं तर जोडी जमल्यासारखी वाटते. लोड आला, की दर दात्याला ठोका बसतो आणि कडा खाल्ल्या जातात. म्हणून बदली गिअर मागवताना दाते आणि मॉड्यूलसोबत प्रेशर अँगलही लिहून द्या.