सात-एकच्या पलीकडचा हसन सरदार

सात-एक. भारतीय हॉकीत हे दोन आकडे उच्चारले, की पुढे काही सांगावे लागत नाही. १ डिसेंबर १९८२. दिल्लीचे नॅशनल स्टेडियम, एशियाडचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. त्याच एशियाडच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले होते. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या दिवाणखान्यात सगळी आळी जमली होती, आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते रेडिओला कान लावून बसले होते. पहिला गोल भारताने केला, झफर इक्बालने. आणि नंतर पाकिस्तानने एकामागून एक असे सात गोल चढवले.

हा सामना आपल्याला आठवतो तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे झालेली नाचक्की आणि दुसरी म्हणजे गोलरक्षक मीररंजन नेगी याच्यावर झालेला फितुरीचा आरोप. मात्र त्या सात गोलांपैकी तीन गोल ज्याने केले, त्याचे नाव आज किती जणांना सांगता येईल? त्याचे नाव हसन सरदार. पाकिस्तानचा सेंटर फॉरवर्ड. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. त्याची कारकीर्द नीट समजून घेतली, की त्या सात-एकचाही उलगडा होतो.

हसन सरदारचा जन्म २२ ऑक्टोबर १९५७चा, कराचीचा. कराचीत हबीब पब्लिक स्कूल नावाची शाळा आहे. आपल्याकडे मुंबईत काही शाळा जशा क्रिकेटपटू घडवण्यासाठी प्रसिद्ध आहेत, तशी ही शाळा हॉकीसाठी. हसन तिथलाच. त्या काळात पाकिस्तानात हॉकीची एक पायवाट ठरलेली होती. मुलगा शाळेच्या मैदानावर काठी धरायचा, पुढे कॉलेजच्या आणि क्लबच्या संघात जायचा, आणि चांगला निघाला तर विमान कंपनी, कस्टम्स, रेल्वे, पोलीस यांपैकी कुठेतरी नोकरी मिळायची. पोटाची चिंता मिटली, की खेळाडू मन लावून खेळतो. काठ्यांसाठी लांब जायलाही नको. तुतीच्या लाकडाच्या उत्तम काठ्या सियालकोटला बनत. फाळणीनंतर तिथले अनेक कारागीर जालंधरला आले आणि आपल्याकडचा तो धंदा त्यांनी उभा केला. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या काठ्यासुद्धा एकाच घराण्यातल्या.

खेळण्याची पद्धतही एकाच घराण्यातली होती. हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असते आणि चेंडू त्या सपाट बाजूनेच खेळावा लागतो. चेंडू डावीकडून उजवीकडे न्यायचा तर मनगट फिरवून काठी उलटी करावी लागते. धावता धावता, प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना, ही काठी सुलटी-उलटी करत चेंडू खेळवत राहणे ही भारत-पाकिस्तानची खास विद्या. युरोपातले संघ तगड्या शरीराने, लांब फटक्यांनी आणि पेनल्टी कॉर्नरच्या बळावर खेळत. आपण पाच फॉरवर्ड उभे करून, छोटे छोटे पास देत, समोरच्याला चकवत पुढे जात होतो.

या पाच जणांच्या मधोमध उभा असतो तो सेंटर फॉरवर्ड. त्याचे काम ऐकायला सोपे. गोलपुढे अर्धवर्तुळ आखलेले असते, त्याला आपण 'डी' म्हणतो. त्याची त्रिज्या १६ यार्ड. या 'डी'च्या आतून मारलेला चेंडू गोलात गेला तरच गोल. गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. बाहेरून कितीही सुंदर फटका मारा, त्याला किंमत नाही. त्यामुळे बचाव करणाऱ्यांची सगळी गर्दी इथेच, आणि सेंटर फॉरवर्डला वावरायचे असते ते नेमके या गर्दीत. त्यात त्या काळी ऑफसाइडचा नियम होता. आज तो नाही, १९९०च्या दशकात तो काढून टाकला. आजचा फॉरवर्ड गोलरक्षकाच्या शेजारी जाऊन उभा राहू शकतो. हसन सरदारला ती सोय नव्हती. बचावफळीच्या रेषेवर नजर ठेवून, सहकाऱ्याच्या काठीतून चेंडू सुटेपर्यंत थांबायचे आणि मग निसटायचे. क्षणभर आधी निघाला तर ऑफसाइड, क्षणभर उशीर झाला तर संधी गेली.

इथे हसनचे वेगळेपण होते. वेगाने धावणारे त्याच्याच संघात होते. हसनच्या खेळात घाई दिसत नसे. चेंडू काठीला चिकटल्यासारखा असायचा. खांदा एका बाजूला झुकायचा, समोरचा बचावपटू त्या बाजूला जायचा, आणि हसन चेंडूसकट दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असायचा. काठीने चकवण्याआधी तो अंगाने चकवत असे. पहिला चुकला, की दुसरा धावून येतो, मग तिसरा. तिघे एकाकडे धावले म्हणजे दोघे जण मोकळे सुटतात. हा त्याच्या खेळाचा दुसरा फायदा, गोलांच्या आकड्यात न दिसणारा.

आणि मोकळे सुटणारे तरी कोण होते? उजव्या टोकाला कलीमुल्ला, त्याच्या आत मंजूर ज्युनियर, मध्ये हसन, डावीकडे आत हनीफ खान आणि डाव्या टोकाला समीउल्ला. समीउल्ला आणि कलीमुल्ला हे बहावलपूरचे सख्खे भाऊ. समीउल्लाच्या पळण्यामुळे त्याला लोक 'उडता घोडा' म्हणत. दोन टोकांना दोन भाऊ आणि मध्ये हसन! एकाला अडवावे तर दुसरा निसटायचा. हॉकीच्या जाणकारांमध्ये आजही सर्वोत्तम आघाडीच्या फळ्यांची चर्चा निघाली, की ही पाच नावे एका दमात घेतली जातात.

या पाच जणांचे खरे रूप भारताने दिल्लीच्या आधीच पाहिले होते, आणि तेही आपल्या मुंबईत. डिसेंबर १९८१ अखेर ते जानेवारी १९८२ या काळात पाचवा विश्वचषक मुंबईला झाला. हिरवळीवर खेळला गेलेला तो शेवटचा विश्वचषक. आपण यजमान, आशा मोठ्या. पण गटातच ऑस्ट्रेलिया आणि हॉलंडकडून हरलो आणि पाचव्या क्रमांकावर राहिलो. पाकिस्तानने मात्र सातच्या सात सामने जिंकले. सात सामन्यांत ३८ गोल, म्हणजे सामन्यामागे पाचाहून जास्त! अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ असे नमवले. कर्णधार होता अख्तर रसूल. आणि स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला चोवीस वर्षांचा हसन सरदार. त्याचे गोल होते ११.

आता वर्षभराचा हिशेब मांडून बघा. जानेवारीत मुंबईला विश्वचषक. त्याच वर्षी कराचीला पहिला आशिया चषक झाला, तोही पाकिस्तानने जिंकला. आणि डिसेंबरमध्ये दिल्लीला एशियाड, जे जिंकून त्यांनी आशियाई स्पर्धेचे सलग चौथे सुवर्णपदक घेतले. म्हणजे त्या दिवशी भारतापुढे उभा असलेला संघ जगज्जेता होता आणि त्याची आघाडीची फळी ऐन बहरात होती. त्यात सामना कृत्रिम मैदानावर. ते मैदान एशियाडसाठीच नवे घातले होते. अशा मैदानावर चेंडू हिरवळीपेक्षा वेगाने आणि सरळ पळतो, उडी मारत नाही. ज्याच्या काठीत चेंडू आधीच खिळलेला, त्याला असे मैदान म्हणजे पर्वणीच.

पुढचे गणित साधे आहे. मागे पडलेला संघ बरोबरी करायला पुढे सरसावतो. बचावपटूही वर जातात. मागे मोकळे रान पडते आणि गोलरक्षक एकटा उरतो. त्या मोकळ्या रानात समीउल्ला, कलीमुल्ला आणि हसन सरदार चेंडू घेऊन शिरले, तर गोलरक्षकाने करावे काय? एक गोल चढला, की संघ आणखी उतावळा होतो, आणखी पुढे जातो, मागचे रान आणखी मोठे होते. मोठे पराभव बहुतेक वेळा असेच होतात.

पण पराभवाच्या रागात हे गणित कोण मांडणार? आपल्याला कारण नको होते, आरोपी हवा होता. तो नेगीच्या रूपाने सापडला. पाकिस्तानकडून पैसे घेतले, असा बोभाटा झाला. गोलरक्षकाची जागा अशी वाईट, की दहा जणांच्या चुकाही त्याच्याच पुढ्यात येऊन गोल होतात. नेगीची कारकीर्द त्यातून सावरली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी तो प्रशिक्षक म्हणून परतला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक मिळवले, तेव्हा गोलरक्षकांना शिकवणारा नेगीच होता. २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले, त्या संघाबरोबरही तो होता. २००७ साली 'चक दे इंडिया' चित्रपट आला आणि त्याची गोष्ट पुन्हा लोकांच्या तोंडी आली.

मंडळी, इथे एक गोष्ट मनाशी ताडून पाहावीशी वाटते. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ध्यानचंदच्या भारताने जर्मनीला ८-१ असे हरवले. तो आकडा आपण अभिमानाने सांगतो. तेव्हा जर्मनीचा गोलरक्षक विकला गेला होता, असे आपण कधी म्हटले आहे का? नाही. आपण म्हणतो, ध्यानचंदची काठीच तशी होती. मग ८-१ ही जर काठीची करामत, तर ७-१ ही फितुरी कशी? आपल्या खेळाडूचे कौशल्य आपल्याला दिसते आणि समोरच्याचे दिसले, की आपण दुसरेच कारण शोधू लागतो. यात हसन सरदारचे काही बिघडले नाही. त्याची पदके त्याच्याकडेच राहिली. भोगावे लागले ते आपल्याच माणसाला. प्रतिस्पर्ध्याला दाद देण्यात कंजुषी केली, की तिची किंमत अशी घरात मोजावी लागते.

दिल्लीतला विजय हा योगायोग नव्हता, हे पावणेदोन वर्षांनी जगाने पाहिले. १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक झाले. पाकिस्तानचा कर्णधार होता मंजूर ज्युनियर. जाणकारांची पसंती ऑस्ट्रेलियाला होती. उपांत्य सामन्यात पाकिस्तानची गाठ याच ऑस्ट्रेलियाशी पडली आणि एकुलता एक गोल झाला, तो हसन सरदारचा. अंतिम सामन्यात पुन्हा पश्चिम जर्मनी. जर्मनीने आघाडी घेतली, हसनने बरोबरी साधली आणि जादा वेळेत कलीमुल्लाने विजयी गोल केला. २-१. हसनचे त्या स्पर्धेतले गोल होते १०, सर्वांत जास्त. विश्वचषक, एशियाड आणि ऑलिंपिक या तिन्ही सुवर्णपदकांमध्ये अडीच-पावणेतीन वर्षांचेच अंतर, आणि तिन्ही ठिकाणी गोलांच्या यादीत हे नाव ठळक. दीडशेच्या आसपास आंतरराष्ट्रीय सामने आणि जवळजवळ तितकेच गोल. सामन्यामागे एक गोल हा हिशेब मैदानी गोल करणाऱ्या खेळाडूसाठी फार मोठा आहे.

पण पाकिस्तानच्या हॉकीला मिळालेले ते शेवटचे ऑलिंपिक सुवर्ण ठरले. १९८६ साली लंडनला विश्वचषक झाला, तेव्हा जगज्जेता आणि ऑलिंपिक विजेता पाकिस्तान अकरावा आला. बारावा कोण? आपण. एकेकाळी सुवर्णपदकासाठी झुंजणारे दोन शेजारी अकराव्या जागेसाठी एकमेकांशी खेळले. हसनच्या पिढीची सद्दी संपत आली होती. १९९४ साली सिडनीला पाकिस्तानने विश्वचषक पुन्हा जिंकला. तो त्यांचा चौथा. नंतर मात्र उतरण लागली. कृत्रिम मैदाने महाग, ती शहरांतल्या मोजक्या ठिकाणी. गावोगावच्या शाळांतली मुले त्यांच्यापर्यंत पोहोचेनात. नोकऱ्या देणाऱ्या संस्थांनी हात आखडता घेतला. क्रिकेटने पैसा आणि पोरे दोन्ही ओढून नेले. २०१४च्या विश्वचषकाला पाकिस्तान पात्र ठरला नाही. रिओ, टोकियो आणि पॅरिस या तीन ऑलिंपिकमध्येही नाही. विश्वचषक स्पर्धेची कल्पनाच ज्या देशाने मांडली, त्या देशाची ही कथा.

२०१८ साली भुवनेश्वरला विश्वचषक झाला, तेव्हा पाकिस्तानी संघाचा व्यवस्थापक म्हणून हसन सरदार पुन्हा भारतात आला होता. मुंबईत त्याच्या संघाने सात सामन्यांत सात विजय मिळवले होते. भुवनेश्वरला त्यांना एकही सामना जिंकता आला नाही, आणि बेल्जियमने ५-० असे हरवून घरी पाठवले. भारताने पुढे टोकियो आणि पॅरिसमध्ये कांस्यपदके मिळवून थोडी भरपाई केली. ती मिळवली खासगी आणि सरकारी पैसा, परदेशी प्रशिक्षक, शास्त्रशुद्ध तयारी यांच्या जोरावर. चेंडू काठीवर खेळवत तिघांना चकवून जाणारा फॉरवर्ड मात्र आता दोन्ही देशांत दुर्मीळ झाला आहे.

म्हणून त्या जुन्या सामन्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहता येईल. सात-एकची सल राहणारच, तो आपला पराभव होता. पण ज्या विद्येने आपण हरलो, ती परकी नव्हती. ध्यानचंदने जगाला दाखवलेली, बनारसच्या मोहम्मद शाहिदच्या मनगटात असलेली, तीच विद्या त्या दिवशी हिरव्या गणवेशात खेळत होती. हसन सरदारचे कौतुक करण्याने आपला पराभव लहान होत नाही. मीररंजन नेगीवरचा अन्याय मात्र त्याने थोडा तरी हलका होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)