लॅपटॉपला नवीन ग्राफिक्स कार्ड टाकावं का?

कुरकुंभ एमआयडीसीत कामाला असलेला माझा मावसभाऊ विचारत होता, "दादा, गेम अडकतोय. ओव्हरटाइमचे पैसे आलेत, ग्राफिक्स कार्ड टाकू का?" बहुतेक लॅपटॉपमध्ये ते टाकताच येत नाही. डेस्कटॉपचं कार्ड स्लॉटमध्ये बसतं, लॅपटॉपची जीपीयू चिप मात्र मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ सारखे अपवाद मोजकेच. थंडरबोल्ट पोर्ट असेल तर कार्ड बाहेरून जोडता येतं, पण वेगळा डबा, पॉवर सप्लाय आणि कार्ड एवढा खर्च करण्यापेक्षा त्यात भर घालून गेमिंग लॅपटॉपच घ्यावा, असं माझं मत.

त्याआधी रॅम बघा. साध्या लॅपटॉपमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते. दोन असल्या तर ५१.२. सोलापूर हायवेवर एकच लेन चालू असली की गाड्या कशा तुंबतात, तसंच इथे होतं. दुसरी स्टिक टाकली की गेममध्ये फरक जाणवतो.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड'समोर '१ ऑफ २' असेल तर बहुधा जागा आहे. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर बसवलेली रॅमही सोल्डर केलेली आहे. अशा वेळी मॉडेल नंबरवरून रिकामा स्लॉट आहे का ते तपासा, मगच पैसे काढा.