गाडी मिसिंग मारते? पंप उतरवण्याआधी टाकीपासून सुरुवात करा

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. कोरेगाव तालुक्यातील एका शेतकरी गटाचा टेम्पो हिरवा वाटाणा घेऊन रात्री पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डाकडे निघाला होता. शिंदेवाडी मागे पडली, जुन्या कात्रज घाटाचा चढ लागला आणि गाडी गचके खाऊ लागली. ड्रायव्हरने गिअर उतरवला, अॅक्सिलेटर दाबला, पण पिकअप घेण्याऐवजी इंजिनाने दम सोडला आणि अर्ध्या चढावर ते बंदच पडले. रात्रीचे दोन वाजले होते. वाटाणा म्हणजे पोत्यात तापणारा माल. दुसऱ्या गाडीत भरून तो यार्डात पोहोचला तेव्हा सौदे उरकले होते आणि शेंगेचा तजेलाही उतरला होता. मिळेल त्या भावाला माल द्यावा लागला.

खरे म्हणजे गाडी पंधरा दिवस आधीपासून सांगत होती. उभी असताना इंजिन थडथडायचे, गिअरचा दांडा नाचायचा, आवाज मध्येच वर जायचा, मध्येच बसायचा. ड्रायव्हरने मला चावडीपुढे गाठून सांगितलेही होते, "सायब, गाडी मिशिंग मारतीया. उताराला बरी हाय, चढाला दम न्हाई." मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, इंजिनाचे ज्ञान बेताचे. तरीही "पंप गेला असंल, दाखवून घ्या" असे बोलून मोकळा झालो. साहेबांनी सांगितले म्हणून गटाने पंप उतरवला. साडेनऊ हजारांचे बिल झाले. गाडी चार दिवस बरी चालल्यासारखी वाटली, कारण आयडलिंगचा स्क्रू फिरवून इंजिनाचे फेरे वाढवून दिले होते. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग गावात कुजबुज सुरू झाली, की ड्रायव्हरच डिझेल काढून विकतो आणि रॉकेल ओततो. घाटातल्या त्या रात्रीनंतर त्याला घरी बसवले गेले.

दोष सापडला तो आठ दिवसांनी, महामार्गाच्या कडेला गॅरेज असलेल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे. त्याने पंपाला हातही लावला नाही. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेतले, डबा इंजिनापेक्षा उंच बांधला, त्यातून एक नळी थेट फीड पंपाला जोडली, हवा काढली आणि गाडी चालू केली. इंजिन शिवणयंत्रासारखे चालू लागले. म्हणजे फीड पंपापासून पुढचे सगळे ठीक, खोट टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान. तिथली रबरी नळी काढून पाहिली, तर क्लिपखाली केसाएवढी चीर. फूटभर नळी आणि दोन क्लिपा, दोनशे रुपयांच्या आत काम झाले.

यावर गटातल्या तात्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. "नळी चिरली व्हती, तर डिझेल का गळलं न्हाई?" याचे उत्तर आपल्या विहिरीवरच आहे. मोटारीच्या सक्शन पाइपला भोक पडले तर पाणी बाहेर येत नाही. उलट पाइप हवा ओढतो, धार तुटते आणि मोटार पाणी सोडते. डिलिव्हरीच्या पाइपला भोक पडले तर मात्र पाण्याचा फवारा उडतो. डिझेल गाडीतही तसेच असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ही सक्शनची बाजू. तिथली चीर कोरडी दिसते, पण इंजिन चालू असताना हवा ओढत राहते. फीड पंपापुढे दाब असतो, म्हणून तिथली गळती ओली दिसते. डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे आले की पंप ते दाबत बसतो आणि नोझलला पुरते डिझेल पोहोचत नाही. आयडलिंगला इंजिन थडथडते आणि चढाला, जिथे डिझेल जास्त लागते, तिथे दम सोडते.

हे सगळे जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांबद्दल चालले आहे. १९८६ साली आलेली टाटा ४०७ आणि त्याच सुमाराचे टेम्पो, ट्रक आपल्या भागात अजूनही माल वाहतात. अलीकडच्या, संगणकावर चालणाऱ्या कॉमन रेल इंजिनाला यातले काही करू नये. त्यात डिझेलचा दाब प्रचंड असतो, तिथे नट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ.

धूर आणि टाकीचे झाकण

पाना हातात घेण्याआधी धूर बघावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर आधी उघडा. आपल्या रस्त्यांच्या धुळीत ऑइलबाथ क्लीनरच्या वाटीत चिखल साठलेला पुष्कळदा आढळतो. पांढरा धूर सकाळी थंड इंजिनाला क्षणभर येतो, त्याची काळजी नको. इंजिन गरम झाल्यावरही तो येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी शिरले आहे. निळा धूर ऑइल जळल्याचा, तो खर्च वेगळा.

मग टाकी. झाकणाला हवा आत यायचे बारीक भोक असते. ते मातीने बुजले की टाकीत ओढ तयार होते आणि काही किलोमीटरनंतर गाडी गचके खाऊ लागते. अशा वेळी झाकण उघडून पाहावे. सूं असा आवाज आला आणि गाडी पुन्हा नीट चालू लागली, तर दोष झाकणाचा. कैक लोक यावर उपाय म्हणून झाकण काढून तिथे फडके कोंबतात. पावसाळ्यात त्याच फडक्यातून पाणी टाकीत जाते. तसेच रात्री अर्धी रिकामी टाकी ठेवली तर आत दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला बसते. म्हणून पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करण्यापूर्वी टाकीचा आणि फिल्टरचा ड्रेन प्लग सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. खाली पाण्याचा थर वेगळा दिसतो.

आमच्या गटाच्या टाकीतही गाळ निघालाच. तो कुठून आला हे सांगायला हवे. स्वस्त पडते म्हणून जुन्या पत्र्याच्या बॅरलमध्ये डिझेल साठवले जात होते. ते साठवू नका असे मी सांगायला हवे होते, सांगितले नाही.

हवा कशी काढावी

फिल्टर बदलला, नळी बदलली की हवा काढावीच लागते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करावा आणि हँड प्रायमर मारत राहावे. आधी फेस येतो, मग सलग धार येते. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. आधी प्रायमर थांबवला आणि मग स्क्रू आवळला, तर हवा परत शिरते. ही चूक सगळीकडे होते. मग पंपावरच्या स्क्रूलाही तसेच करावे. जुने चेपलेले तांब्याचे वायसर पुन्हा घालू नयेत. नवा वायसर काही रुपयांना मिळतो.

हवा काढूनही मिसिंग गेले नाही तर कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधावे. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याचा नट सैल करून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. तिथले नोझल काढून दुसऱ्या सिलिंडरला लावावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागच्या जागी राहिला तर टॅपेट, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन बघावे लागेल. ही तपासणी जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावी. डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टोचल्याएवढी दिसते, पण आतून हात सडतो. तसे झाले तर घरी हळद लावत बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

पंप शेवटी. जुन्या पंपातला प्लंजर डिझेलनेच वंगण घेतो. म्हणून रॉकेलची भेसळ केली तर तो झिजतो हे खरे आहे, आणि पंप कधीच खराब होत नाही असे माझे म्हणणे नाही. पण एका नळीसाठी पंप उतरवला जातो, सील तोडले जाते आणि मग चांगल्या पंपाचेही सेटिंग बिघडते. आयडलिंगचा स्क्रू वाढवून मिसिंग झाकणे तर त्याहून वाईट. डिझेल वाया जाते आणि दोष घाटात उघडा पडतो. शिवाय अशा जुन्या मालगाड्यांना दरवर्षी पासिंग असते, धूर तिथे तपासला जातोच.

ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर किंवा घंटागाडी जुनी असेल, तर ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांनी एवढे करावे. लॉगबुकात नुसते "पंप दुरुस्ती" असे लिहून घेऊ नये. फिल्टर कधी बदलला, नळ्या तपासल्या का, पाणी काढले का, याची तारखेसह नोंद घ्यावी आणि बिलाबरोबर काढलेला जुना भाग मागून घ्यावा. आमच्या गटाने पंपाचे जुने भाग मागितले होते का? नाही.

नळी बदलल्याच्या संध्याकाळी गटातले दोघे आणि मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला, तो मात्र बराच वेळ काही बोलला नाही. बुडालेल्या आठ दिवसांची मजुरी गटाने दिली. रॉकेलचा आळ कुणी घेतला होता हे त्याने विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी गाडीवर येताना त्याने एकच अट घातली. बॅरल गोठ्यामागून हलवायचे आणि डिझेल रोजच्या रोज पंपावरून भरायचे. आता सीटमागे फूटभर नळी, दोन क्लिपा, चार तांब्याचे वायसर आणि एक काचेची बाटली असते. पावसाळ्यात रोज पहाटे तो बाटलीत डिझेल काढून उजेडात धरतो.