सोळा माणसं, तेरा कोटी मतं

चिंचपोकळीला लोकलमध्ये चढा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची चार बाकडी बघा. प्रत्येकावर तिघं बसलेले, वर ‘जरा सरका’ म्हणून टेकलेली चौथी सीट. झाले सोळा. २८ जुलै २०२४ला मराठी ‘बिग बॉस’चा पाचवा सीझन सुरू झाला तेव्हा घरात एवढेच सदस्य होते. खेळाची मूळ रीत अशी, की सदस्य आधी एकमेकांना नॉमिनेट करतात आणि त्यांतल्या कुणाला वाचवायचं ते प्रेक्षक ठरवतात. एका खेळात दोन मतदानं, आणि दोन्हींचे आकडे डोकं गरगरवणारे.

आधी घरातलं मतदान. समजा, प्रत्येकाने उरलेल्या पंधरा जणांतून दोन नावं द्यायची. अशा जोड्या होतात १०५. सोळा जणांच्या उत्तरांचे मिळून प्रकार किती? १०५चा सोळावा घात, म्हणजे साधारण २१८वर ३० शून्ये! सेकंदाला एक प्रकार तपासायला बसलो, तर विश्वाचं आजवरचं वय, सुमारे १,३८० कोटी वर्षं, तब्बल ५ कोटी कोटी वेळा जगावं लागेल. कालच्या टास्कमधली चिडचिड, जुनी मैत्री, भांडी कुणी घासली नाहीत, या सगळ्याला पुरून उरेल एवढी जागा सोळा माणसांच्या मतांत असते.

आणि इथे एकेक मत जड असतं. दोनच नावं असतील आणि सोळा जणांनी नाणं उडवून मत दिलं, तर ८-८ अशी बरोबरी होण्याची शक्यता १९.६ टक्के. पाचातून एकदा सतराव्या माणसाच्या हाती निकाल! २३ ऑगस्ट २००० रोजी अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ या टीव्हीवरच्या खेळाच्या पहिल्या सीझनचा शेवट पाच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. तिथे विजेता ठरवला बाद झालेल्या सात स्पर्धकांनी. रिचर्ड हॅच ४ विरुद्ध ३ मतांनी जिंकला. पाच कोटी नुसते बघत राहिले आणि एका मताने दहा लाख डॉलरचा फैसला केला.

आता बाहेरचे प्रेक्षक. एक कोटी माणसांनी नाणं उडवून मत दिलं, तर अचूक बरोबरी सुमारे चार हजारांत एकदा. पण प्रत्येकाचा कल किंचित झुकू द्या, ५० ऐवजी ५१ टक्के. सोळांच्या घरात त्याने जवळपास काहीच बदलत नाही. कोटीच्या गर्दीत मात्र बरोबरीची शक्यता होते एकावर ८७२ शून्ये इतक्यांत एक. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले, तरी आकडा एकावर सुमारे ८० शून्यांपाशी थांबतो. चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या आगमनाला गेलेल्याला हे अंगाने ठाऊक असतं. तिथे कुणी एकटा कुणाला ढकलत नाही, पण गर्दी जरा झुकली की सगळे त्याच दिशेला निघतात.

गर्दीची ही ताकद एका अटीवर उभी आहे. प्रत्येकाने स्वतःच्या मनाने आणि एकदाच मत द्यायला हवं. २०१२मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ या गाण्याच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत १३.२ कोटी मतं पडली. त्याच वर्षीच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पडली सुमारे १२.९ कोटी! गायकाला राष्ट्राध्यक्षाहून जास्त मतं कशी? एकाच माणसाला पुन्हा पुन्हा फोन करायची मुभा होती म्हणून. एका लोकलमध्ये पाच हजार माणसं धरली, तर १३.२ कोटी माणसांना २६,४०० लोकल लागतील. दर तीन मिनिटांनी एक सोडली, तर अहोरात्र ५५ दिवस. पण या लोकलींतून तोच तो माणूस शंभरदा उतरत असेल, तर तिला गर्दी म्हणायचं कसं? तो एकाचा हट्ट झाला.

मराठी ‘बिग बॉस’च्या त्या पाचव्या सीझनमध्ये ६ ऑक्टोबर २०२४ला प्रेक्षकांच्या मतांनी मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. दुसरा आला अभिजीत सावंत, ज्याला २००५मध्ये अशाच मतांनी पहिला ‘इंडियन आयडॉल’ केलं होतं. बरोबर ४५ दिवसांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं. चिंचपोकळीतही माणसं रांगेत उभी राहिली. शाई लागली की त्या दिवशी कुणाचंही मत दुसऱ्यांदा होत नाही, मग तो कितीही मोठा चाहता असो. मनोरंजनाच्या मतालाही मला तेवढाच मान हवा आहे. माणसाला एक मत, आणि मोजणी झाली की आकडा सगळ्यांसमोर. आपल्या आवडत्या पोरासाठी रात्री जागून मत देणाऱ्या माणसाचं हा खेळ एवढं देणं लागतो.