टू-इन-वनच्या पोटात गेम!

आयवाचा टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि कॅसेट, एवढंच आपल्याला ठाऊक. पण १९९४मध्ये या कंपनीने फक्त जपानमध्ये एक भन्नाट प्रकार काढला, सीएसडी-जीएम१. वर सीडी, कॅसेट, रेडिओ; खाली जोडलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह. गाण्यांच्या सीडी प्लेअरवरच मेगा-सीडीचे गेमही चालायचे. स्क्रीन मात्र नाही, टीव्ही तुमचा!

टायमिंग साफ चुकलं. मेगा ड्राइव्ह १९८८चा. आणि १९९४च्याच नोव्हेंबरात सेगाचाच सॅटर्न आला, डिसेंबरात सोनीचं प्लेस्टेशन. (आणि गंमत, तेव्हा आयवाची मालकीण सोनीच होती!) मग जुना गेम कोण घेणार?

आज कलेक्टर मंडळी याच्यासाठी जीव टाकतात. कुठे दिसलाच, तर पैसे मोजण्याआधी विचारा, सीडी फिरते ना? लेन्स गेली की गाणीही गेली आणि सीडीवरचे गेमही.