योगवर्गाची शंभर वर्षे

गुरूच्या आश्रमात वर्षानुवर्षे राहून मिळणारी विद्या नोकरदार, लेकुरवाळ्या माणसांना ठरलेल्या वेळी, रीतसर शिकवायची, ही गोष्ट आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी ती धाडसाची होती. आसने, प्राणायाम महाराष्ट्राने शोधले नाहीत. पण आज जग ज्याला योगवर्ग म्हणून ओळखते तो घडवण्यात मुंबई, लोणावळा आणि पुणे या तीन गावांचा वाटा फार मोठा आहे.

सुरुवात नर्मदाकाठच्या मालसरची. तिथल्या परमहंस माधवदासजींच्या दोन शिष्यांनी दोन वाटा धरल्या. मणिभाई देसाई, म्हणजेच योगेंद्रजी, यांनी १९१८ च्या नाताळात वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. पुढे ती सांताक्रूझला स्थिरावली. संसारी माणसाचा योग हे त्यांचे ध्येय. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात कसलेले, अमळनेरला शिक्षणकार्य केलेले. त्यांचा स्वभाव तपासून पाहण्याचा. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना पोटात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणूनच बस्तीत, म्हणजे आतडे पाण्याने धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर ओढले जाते, असे त्यांना आढळले. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही सुरू झाले. श्रद्धेच्या विषयाला प्रयोगाच्या टेबलावर ठेवण्याचे हे धैर्य मला आजही फार मोलाचे वाटते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी याच काळात सूर्यनमस्काराचा प्रसार करत होते. तेव्हा तो योगापेक्षा व्यायामातच अधिक गणला जाई.

मग पुणे. १९३७ मध्ये अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले ते थोड्या महिन्यांसाठी, आणि कायमचे पुणेकर झाले. लहानपणी क्षयाने, मलेरियाने पोखरलेल्या शरीराचा हा माणूस. दुबळ्या अंगाला आसन किती अवघड जाते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली आणि अय्यंगारांसाठी परदेशाची दारे उघडली. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ आले, १९७५ मध्ये पत्नी रमामणी यांच्या नावाची संस्था पुण्यात उभी राहिली. तिथे त्यांच्या कन्या गीता यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर अनेक वर्षे काम केले.

या परंपरेतला शिक्षक त्रिकोणासन कसे शिकवतो ते पाहण्यासारखे आहे. मागच्या पायाची टाच भिंतीला टेकवायची, पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला लाकडी ठोकळा. हात जमिनीला लावण्याची घाई नाही. “मागच्या पायाची बाहेरची कड दाबा, गुडघ्याची वाटी वर ओढा, आता छाती फिरवा.” विद्यार्थ्याने छाती फिरवली की मागच्या पायाची कड सुटते, शिक्षकाला ते लगेच दिसते. खुर्ची, पट्टा, भिंतीवरचे दोर, घडी केलेली ब्लँकेटे, ही सगळी सामग्री या पाहण्यातून आली. सत्तरीच्या बाईला सर्वांगासन खुर्चीच्या आधाराने करता येते, कारण कुणीतरी तिच्या मानेकडे नीट पाहिलेले असते.

नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याची अंबिका योग कुटीर यांनी ही विद्या चाळीचाळींत, विनामूल्य नेली. त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला आणि योगाला न भूतो अशी गर्दी लाभली. वैद्यकीय पुरावाही वाढला, पण तो मोजून मापून घ्यायला हवा. जुनाट कंबरदुखीवरच्या चाचण्यांचा २०१७ चा कॉक्रेन आढावा सांगतो की काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाने हालचाल थोडी सुधारते. पाठीच्या इतर व्यायामांपेक्षा तो सरस असल्याचे ठामपणे म्हणता येत नाही, आणि काहींचे दुखणे योगाने वाढलेही. मनाच्या बाबतीतही तेच. संथ श्वासाने, शवासनाने मन शांत होते हा असंख्यांचा अनुभव आहे. पण तेवढ्यावरून नैराश्याची औषधे सोडायला सांगणे हा गुन्हा आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. दोनशे तासांचा अभ्यासक्रम संपवून गोव्यात, ऋषिकेशात दर हंगामात नवे शिक्षक तयार होतात. पडद्यावरच्या वर्गात साठ चौकोन दिसतात. त्यातल्या कुणाला काचबिंदू आहे आणि शीर्षासनाने त्याच्या डोळ्यातला दाब वाढतो आहे, हे शिकवणाऱ्याला कळणार कसे? शंभर वर्षांत कमावलेली पाहण्याची शिस्त अशा वर्गांत हरवते आहे.

म्हणून एक विनंती. नव्या वर्गात नाव घालण्यापूर्वी एक दिवस नुसते बसून बघा. शिक्षक स्वतःची आसने दाखवण्यात किती वेळ घालवतात आणि शिकणाऱ्यांकडे किती वेळ पाहतात, ते तपासा. रक्तदाब, काचबिंदू, मणका, बाळंतपण, शस्त्रक्रिया यांची पहिल्याच दिवशी चौकशी झाली नाही, तर तिथे पैसे भरू नका.